गार्डच्या पेटीतला रावण

काळ्या पेटीच्या झाकणाखालून मारुतीचं शेपूट लोंबत होतं. जुन्या परकराची सुरळी, आत कापूस, टोकाला लाल लोकरीचा गोंडा. खर्डीत स्टेशनजवळच्या एका नातलगाच्या घरी, ओटीवर. शेपटाकडे बघून हसलो आणि मग नजर अडकली ती पेटीवर. पत्र्यावर पांढऱ्या रंगात अजून वाचता येत होतं, ‘गार्ड, कल्याण’. त्यावरचं नाव पोरांनी खडूनं गिरवून गिरवून घालवलेलं.

गार्डची पेटी म्हणजे लाइन बॉक्स. कल्याण-इगतपुरीच्या फलाटांवर अशा पेट्या रांगेनं पडलेल्या असायच्या. आत लाल-हिरव्या झेंड्या, हातदिवा, धोक्याच्या वेळी रुळावर बांधायचे फटाके, नियमांचं जाडजूड पुस्तक. गार्ड बदलला की त्याची पेटीही उतरायची आणि ती उचलायला वेगळे हमाल असायचे. आता ट्रॉली बॅगा आल्या. जानेवारी २०२२ पासून गार्डचा ‘ट्रेन मॅनेजर’ झाला. मला हे नाव रुचलेलं नाही. मॅनेजर म्हटलं की खुर्ची आठवते, आणि हा माणूस तर घाटात शेवटच्या डब्यातून वाकून मागं बघत असतो.

घरातले आजोबा त्या नोकरीतून निवृत्त झालेले. पेटी मोडीत निघालेली, ती त्यांनी पैसे मोजून घरी आणली. त्यांच्या हयातीत तीत घराचे कागद असायचे. आता तीत पोरांच्या सोंगांचं सामान असतं: पुठ्ठ्याची तलवार, आजीच्या नऊवारीचा अर्धा तुकडा, फुटक्या काचेचा चष्मा, घोंगडीचं एक टोक, आणि आजोबांचीच एक हिरवी झेंडी. झेंडीवरून रोज भांडण होतं.

शाळांमुळे पोरांच्या वर्षाला सोंगांचं एक कॅलेंडर झालं आहे. आषाढीला विठ्ठल-रखुमाई, अष्टमीला कृष्ण, ३ जानेवारीला सावित्रीबाई, १९ फेब्रुवारीला शिवाजी महाराज. त्यासाठी भाड्याचे ड्रेस मिळतात. भाड्याचा कृष्ण मला बघवत नाही. इलॅस्टिकचा मुकुट कपाळावर वळ उठवतो, जर मानेला टोचते, आणि ‘खराब करू नकोस, परत द्यायचंय’ हे वाक्य त्याला दिवसभर ऐकावं लागतं. लोणी खायची सोय नसलेला कृष्ण!

खरं सोंग बघायचं तर कसाऱ्याहून विहीगाव-खोडाळ्याच्या रस्त्यानं मोखाड्याकडे जावं, होळीनंतरच्या दिवसांत, बोहाड्याला, म्हणजे मुखवट्यांची सोंगं नाचवण्याच्या उत्सवाला. (विहीगावच्या धबधब्याला आता सगळे अशोका म्हणतात, कारण तिथं त्याच नावाच्या २००१ सालच्या सिनेमाचं चित्रीकरण झालं. इथं सोंग पाण्यालाही लागतं.) रात्र चढली की संबळ आणि सनई सुरू होते. आधी गणपती, मग शारदा, आणि मग एकेक करून देव आणि राक्षस गल्लीतून नाचत येतात. मुखवटे पूर्वी लाकडाचे असत, आता बहुतेक कागदाच्या लगद्याचे. डोक्याला कापड गुंडाळायचं, त्यावर मुखवटा करकचून बांधायचा. डोळ्यांच्या भोकांतून फार दिसत नाही, म्हणून पुढे टेंभा धरून कुणीतरी उलट्या पावली चालतो आणि सोंग त्याच्या उजेडावर पाय टाकतं. चार पावलं पुढं, दोन मागं, मध्येच गिरकी. दहा तोंडांचा रावण आडवा इतका रुंद की बघ्यांना भिंतीला चिकटावं लागतं. मुखवट्यातून येणारा श्वास जवळून ऐकला तर घाबरायला होतं. मी तरी घाबरलो होतो आणि मी तेव्हा मिशा फुटलेला होतो. कितीतरी सोंगं घराण्यांकडे चालत आलेली. बापानं नाचवलेला वेताळ मुलगा नाचवतो. दिवसा जो शेतावर राबतो, त्याच्या मुखवट्याला रात्री बाया ओवाळतात. पहाटेकडे देवी येते, महिषासुराशी लढते, त्याला मारते. मेलेला महिषासुर थोड्या वेळानं मुखवटा काढून चहा पितो. त्याच्या कपाळावरही वळ असतोच, पण त्याचं त्याला काही वाटत नाही.

खर्डीच्या पोरांनी बोहाडा बघितला आहे की नाही, मी विचारलं नाही. पण त्यांच्या पेटीत बुटांच्या खोक्यांची तोंडं एका काठीला ओवून केलेला रावण होता. तोंडं सातच होती. ‘बाकीची मागं आहेत,’ असं त्यातल्या धाकटीनं मला बजावलं.

तुमच्या माळ्यावर अशी पेटी असेल तर खाली काढा, पण पोरांच्या हाती देण्याआधी तिची कडी उचकटून टाका. लपाछपीत आत बसलेल्या पोरावर झाकण पडून कडी अडकली तर आतून उघडता येत नाही. मागच्या पत्र्याला चार-पाच भोकं पाडा आणि त्यांच्या कडा घासून घ्या. झाकणाला साखळी लावा, नाहीतर बोटं चेंगरतात. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तेव्हा तो घरात खरवडत बसू नका. डांबरगोळ्याही नकोत, लहान पोरं त्या पेपरमिंट समजून तोंडात टाकतात. कसरीला वेखंड पुरे. आमच्या शहापूर तालुक्यातल्या पावसाळ्यात पेटी भिंतीला टेकवून ठेवू नये, खाली दोन विटा द्याव्यात. आणि भाड्याच्या ड्रेसचे पैसे वाचतील त्यातून एक चांगली कात्री घ्या, बोथट टोकाची.