कायमचा पत्ता

स्थलांतर म्हणजे काय, हे बीड जिल्ह्यातील वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. दसरा-दिवाळी उरकली की धारूर, वडवणी, पाटोदा, केज या तालुक्यांतील गावे रिती होऊ लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि पाडव्याच्या सुमारास परततात. मुलाचे नाव गावच्या हजेरीपटावर असते आणि मूल उसाच्या फडात. हंगामी वसतिगृहे निघाली ती याच कारणाने.

आमच्या धर्मग्रामातील अशाच एका कुटुंबातील मुलगा आजीजवळ राहून शिकला, पुण्यात अभियंता झाला आणि नोकरीच्या व्हिसावर अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात गेला. त्याची कन्या तेव्हा तीन वर्षांची होती. आता ती सतरा वर्षांची आहे. तिचे सारे शिक्षण तेथेच झाले; पण विद्यापीठाच्या अर्जात ‘नागरिक’ आणि ‘कायम रहिवासी’ हे दोन्ही रकाने सोडून तिला ‘इतर’ यावर खूण करावी लागते. त्या एका खुणेमुळे केंद्र सरकारची शिक्षणमदत तिला मिळत नाही.

वडिलांच्या आधाराने तिला मिळालेला एच-४ व्हिसा एकविसाव्या वर्षी संपतो. नोकरीच्या मार्गाने दरवर्षी सुमारे १,४०,००० ग्रीन कार्डे दिली जातात आणि साधारणपणे एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांहून अधिक येत नाहीत. त्यामुळे भारतीयांची रांग दशकांची झाली आहे. २००२ च्या कायद्याने मुलांच्या वयात थोडी सूट दिली, तीही मालकाचा अर्ज कचेरीत पडून होता तेवढ्या काळापुरती; रांगेतील वर्षे हिशेबात धरली जात नाहीत. २०१२ मध्ये अध्यक्ष ओबामांनी लहानपणी आणलेल्या मुलांना जी सवलत दिली, तिच्यासाठी तर कायदेशीर परवाना नसणे हीच अट होती. परवाना सांभाळून राहिलेल्यांची मुले त्यातून वगळली गेली. हे न्यायाचे आहे, असे मला वाटत नाही.

उरतो विद्यार्थी-व्हिसा. त्यासाठी आपले घर परदेशात असून ते सोडण्याचा विचार नाही, असे दाखवावे लागते. म्हणून तिच्या वडिलांचा मला दूरध्वनी आला. त्यांना धर्मग्रामाच्या कागदावर तीन वाक्ये हवी होती: गावी वडिलोपार्जित घर आहे, आजी-आजोबा तेथे राहतात, शिक्षण संपवून मुलगी तेथे परतणार आहे. पहिली दोन मी आनंदाने लिहिली. ते घर मला ठाऊक आहे. ऊसतोडीच्या दिवसांत त्याला पाच-पाच महिने कुलूप असे. तिसरे वाक्य लिहिण्यास मी नकार दिला. मुलीने ते गाव दोनदाच पाहिले आहे, त्यातही एकदा लग्नाच्या गर्दीत. तिच्या मनातले मी कोणत्या आधारावर लिहावे?

मी मुलीशी बोललो. तिने मला उलट प्रश्न केला, “फादर, बाबांचा अर्ज म्हणतो आम्हांला इथेच राहायचं आहे आणि माझा म्हणणार मला परत जायचंय. दोन्ही एकाच सरकारकडे गेले तर?” प्रश्न खरा आहे, या दोन कागदांतील विसंगतीवर अर्ज अडू शकतो. वकिलाला विचारल्यावाचून सही करू नका, एवढेच मी सांगितले. आणखी एक सांगितले. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांसारखी मोजकी विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्यालाही ऐपत न पाहता प्रवेश देतात आणि लागेल तेवढी मदत करतात. परंतु तेथील निवड अत्यंत कठीण. बाकीच्यांना पत्र लिहून, ‘इतर’ रकान्यातील विद्यार्थ्याला शुल्क कोणत्या दराने पडेल आणि मदत मिळेल काय, हे आधीच विचारून घ्यावे.

तिने प्रिन्स्टनला अर्ज केला आहे. आजीने मला विचारले, ते गाव त्यांच्या घरापासून किती लांब? त्याच राज्यात आहे, मी म्हणालो. “मग घरूनच जाऊन-येऊन शिकंल की,” म्हातारी म्हणाली.