शेवटच्या डब्याची पाटी

मी पडले कॉन्व्हेंटवाली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी सांभाळून घ्यावेत. विषयही कोरडाच आहे: डेटाबेसचा बॅकअप. पण यापायी माझ्या मामांच्या गावात लोकांचे दुधाचे पैसे अडकले होते, म्हणून लिहितेय.

आमचं घर दौंडला, मामांचं गाव भीमा ओलांडून शिरूर तालुक्यात. तिथल्या दूध संकलन केंद्रात रोज दोन वेळा प्रत्येकाचे लिटर आणि फॅट कॉम्प्युटरमध्ये भरतात. दर दहा दिवसांनी त्यावरून बिल निघतं. सॉफ्टवेअर बसवणाऱ्याने बॅकअपही लावून दिला होता. रात्री १ वाजता क्रॉन आपोआप मायएसक्यूएलचा डंप दुसऱ्या डिस्कवर घ्यायचा आणि ७ दिवसांपूर्वीच्या फाइली पुसायचा. सगळं ऑटोमॅटिक!

पुढे त्यानेच डेटाबेसचा पासवर्ड बदलला, पण स्क्रिप्टमध्ये जुनाच राहिला. डंप रोज फेल, तरी फाइल रोज तयार! कारण शेल आधी रिकामी फाइल उघडतं, मग कमांड चालवतं. आठवड्याभरात चांगल्या फाइली पुसल्या गेल्या, उरल्या ० बाइटच्या. मुख्य हार्ड डिस्क गेली तेव्हा हे कळलं. शेवटी घरोघरच्या पावत्या गोळा करून बिलं हाताने बनवली. ज्यांच्या पावत्या हरवल्या होत्या, त्यांच्याशी वाद झाले ते वेगळेच.

हे खेड्यातच होतं असं समजू नका. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या मोठ्या कंपनीचा मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला. पोस्टग्रेसच्या डंपची आवृत्ती जुळत नसल्याने रोजचा बॅकअप होतच नव्हता, आणि तसं कळवणारे ई-मेलही पोचत नव्हते. एका इंजिनिअरने सुमारे ६ तास आधी हाताने घेतलेला स्नॅपशॉट होता, म्हणून निभावलं.

माझे बाबा रेल्वेत गार्ड. (२०२२ पासून या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण घरात अजून गार्डच!) त्यांच्याकडून एक गोष्ट शिकले. गाडी गेली की स्टेशनवरचा माणूस शेवटच्या डब्यामागची 'एलव्ही' पाटी बघतो. ती दिसली तरच गाडी पूर्ण आली. नाही दिसली, तर डबे मागे सुटलेत असं धरून मागच्या गाडीला वाट देत नाहीत. इंजिन दिसलं म्हणून कुणी खूश होत नाही.

गंमत म्हणजे मायएसक्यूएलच्या डंपलाही अशी पाटी असते. पूर्ण झाला की शेवटच्या ओळीत 'डंप कम्प्लीटेड' येतं. सुट्टीत मी मामांची स्क्रिप्ट नवीन लिहिली. आधी ती ओळ तपासायची, फाइलचा आकार कालच्याशी ताडायचा, आणि दोन्ही ठीक असेल तरच जुनी फाइल पुसायची. मग मामांना मेसेज. सकाळी ७ पर्यंत मेसेज आला नाही, तर मामांनी मला फोन करायचा. म्हणजे कॉम्प्युटरच बंद पडला तरी कळतं. शिवाय महिन्यातून एकदा तो डंप जुन्या लॅपटॉपवर रिस्टोअर करून चार पावत्यांशी जुळवतो.

फायनल इयरवाल्यांनो, तुमच्या प्रोजेक्टचा बॅकअप आहे ना? मग आज रात्री मेसहून आल्यावर तो रूम पार्टनरच्या मशीनवर उघडून बघा. सबमिशनच्या आदल्या रात्री बघण्यापेक्षा बरं!