हिऱ्याचे पैलू

बीड जिल्ह्यातील परळीच्या वैजनाथाचे दर्शन घेऊन परतणारा भाविक बारा ज्योतिर्लिंगांची नावे घेऊ लागला, की त्यांत त्र्यंबकेश्वर येतेच. या त्र्यंबकेश्वराशी परंपरेने एका हिऱ्याचे नाते जोडलेले आहे. ‘नाशिकचा हिरा’ या नावाने तो जगात ओळखला जातो.

दक्षिणेतील खाणीत सापडलेल्या या हिऱ्याला येथील कारागिरांनी आपल्या पद्धतीने घाट दिला होता. रत्नाचे वजन शक्य तेवढे राखावे, ही त्यांची दृष्टी. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि हिरा इंग्रजांच्या हाती पडून लंडनला गेला. तेथे तो पुन्हा सहाणेवर चढला व सुमारे ९० कॅरटांचा ७८ कॅरटांवर आला. पुढे १९४० साली अमेरिकेतील जवाहीर हॅरी विन्स्टन यांनी त्याला नव्याने पैलू पाडवले, तेव्हा अवघे ४३ कॅरट उरले.

निम्म्याहून अधिक रत्न धुळीला मिळवून साधले काय? याचे उत्तर प्रकाशाजवळ आहे. हिऱ्यात शिरलेला किरण एकदम वाकतो. आतल्या पैलूवर तो पुरेसा तिरपा पडला, तर बाहेर न पडता आरशावरून परतावा तसा परततो. कोन अचूक असले, म्हणजे तो पाहणाऱ्याच्या डोळ्यांकडे येतो आणि येताना सप्तरंग उधळतो. घडण फार उथळ वा फार खोल असली, तर तोच किरण तळातून किंवा बाजूने निसटून जातो. मग वजन कितीही असो, रत्न निस्तेज भासते. गोल हिऱ्यासाठी या कोनांचे गणित मार्सेल टोल्कोव्स्की यांनी १९१९ साली मांडले. म्हणूनच पारखी हिरा नुसता तोलत नाही. रंग व निर्मळपणा यांबरोबर त्याची घडणही पाहतो.

तरीही जुन्या कारागिरांना अडाणी म्हणणे अन्यायाचे होईल. सृष्टीने दिलेले धन जपावे, असे त्यांना वाटले, एवढेच. हिरा त्र्यंबकेश्वरी परत आला नाही. आणि उद्या आला, तरी त्याच्या नव्या चौकोनी रूपात जुन्या पुजाऱ्यांनी त्याला ओळखले नसते. पैलू हिऱ्यात तेज घालीत नाहीत. आत आलेल्या प्रकाशाला ते परतीची वाट देतात. मात्र गेलेला कण पुन्हा जोडता येत नाही. म्हणून कोठे घासावे याबरोबरच कोठे थांबावे, हेही ज्याला उमगते, तोच खरा कारागीर.