साडेआठ ते साडेनऊ

केंद्र सरकारतर्फे लोकांच्या वेळेची पाहणी होते. २०२४ च्या पाहणीत साताऱ्यातलं आमचं घर नमुन्यात आलं आणि एका दुपारी टॅब घेऊन एक तरुण मुलगा दारात उभा राहिला. घरातल्या सहा वर्षांवरच्या प्रत्येकाला त्याचा प्रश्न एकच: काल पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंत काय केलंत? उत्तर हवं अर्ध्या-अर्ध्या तासाच्या हिशेबाने.

नवऱ्याचं चटकन उरकलं. सहा ते सात फिरणं, सात ते साडेसात पेपर, मग अंघोळ, नाश्ता, ऑफिस. माझी पाळी आल्यावर त्या मुलाचं बोट अडखळायला लागलं.

“काकू, सहा ते साडेसहा?”

“चहा.”

“अर्धा तास चहाच?”

चहा ठेवला, तो उकळेपर्यंत पाण्याची मोटर लावली, डब्यासाठी कणीक भिजवली, सासूबाईंना बीपीची गोळी दिली आणि मधल्या मधे मुलाला दोनदा उठवलं. “यातलं मुख्य काम कुठलं धरू?” या प्रश्नाला मला उत्तर देता येईना. पुढचा अर्धा तासही तसाच, त्याच्या पुढचाही. सलग एकच काम केल्याची नोंद झाली ती बँकेतल्या तासांची. संध्याकाळी साडेसहानंतर पुन्हा तोच चुरा.

“छंद, वाचन, शिकणं असं काही?” त्याने शेवटी विचारलं.

“मोडी शिकायचीय.”

“काल शिकलात का?”

“नाही.”

“मग नाही लिहिता येणार,” तो ओशाळून म्हणाला.

मोडी लिपीचं खूळ जुनं. वाईजवळच्या माझ्या माहेरी माळ्यावर लाल कापडात बांधलेला कागदांचा एक रुमाल होता. वडिलांनी तो जपला, पण वाचता त्यांनाही येत नव्हता. ते गेल्यावर भावाने तो माझ्या हवाली केला, “तुलाच हौस आहे, तूच बघ” म्हणून. पुराभिलेख खात्याचे मोडीचे वर्ग अधूनमधून भरतात. त्यातला एक मी रजा टाकून केला. वर्ग संपला, अक्षरं ओळखीची झाली आणि रुमाल कपाटात गेला. वाचायला वेळच नव्हता.

वेळेच्या नियोजनावरची पुस्तकं माझ्याकडे कमी नाहीत. त्यातला एक ठरलेला उपदेश म्हणजे पहाटे उठा. मी उठूनही पाहिलं. पण घरात दिवा लागला की सासूबाईंना जाग येते, त्यांना आली की नवऱ्याला. मग आतून आवाज येतो, “उठलीच आहेस तर माझाही चहा टाक.” या ‘उठलीच आहेस तर’पुढे कुठलंही पुस्तक टिकत नाही. दुसरा उपदेश चार चौकोनांचा: तातडीचं, महत्त्वाचं, दोन्ही, आणि दोन्ही नाही. तातडीचं पण महत्त्वाचं नसलेलं काम दुसऱ्याला सोपवावं म्हणे. उतू जाणारं दूध तातडीचं खरं, पण सोपवायचं कुणाला? आमच्या घरातली ‘दुसरी’ मीच.

आणि हे काही माझ्याच घरचं नव्हे. याच पाहणीच्या २०१९ च्या फेरीत, घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती आणि करणाऱ्या पुरुषांची ९७. २०२४ च्या फेरीत बायकांची २८९ झाली. त्यांची दहा मिनिटं वाचली ती पुरुषांनी उचलली असं मात्र नाही, कारण पुरुषांचीही नऊने घटून ८८ झाली. रमाबाई रानड्यांना न्यायमूर्तींनी शिकवायला घेतलं तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते रुचलं नव्हतं. माझ्या मोडीला घरात कुणाचाच विरोध नव्हता. उलट कौतुकच होतं. फक्त त्या कौतुकात मला कुणी अर्धा तास देत नव्हतं.

तो मुलगा गेल्यावर मी त्याच पद्धतीने आठवडाभर वहीत नोंदी ठेवल्या, माझ्या आणि नवऱ्याच्याही. वेळ अगदीच नव्हता असं वहीतून दिसेना. इकडे दहा मिनिटं, तिकडे पंधरा, असे तुकडे होते. पण मोडी तुकड्यांत जमत नाही, आणि हे मोडीचा कागद समोर घेतल्याशिवाय कळायचं नाही. मोडी लिहिणारा आधी कागदभर आडव्या रेघा ओढून घेतो आणि मग प्रत्येक रेघेला अक्षरं टांगत जातो, हात शक्यतो न उचलता. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. शब्द कुठे संपला ते अर्थावरून ठरवायचं, आणि अर्थ लागायला शब्द कळायला हवा. त्यातून प्रत्येकाचं वळण वेगळं. नव्या हस्ताक्षराला डोळा सरावायलाच पंधरा मिनिटं लागतात. तेवढ्यात कुणी “अगं, टॉवेल कुठे आहे?” म्हणून हाक मारली की ओळ हातची गेली, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

तेव्हा मला हवा होता सलग एक तास, आणि त्या तासात कुणाचीही हाक नको होती. तो दिवसात आधीच होता. रात्री साडेआठ ते साडेनऊ: जेवणानंतरची झाकपाक, भांडी, ओटा, विरजण, उद्याची भाजी निवडणं. हे सगळं मी एकटी करत होते आणि तेव्हा बाकीचे टीव्हीसमोर असत.

रविवारी मी वही जेवणाच्या टेबलावर ठेवली. नवऱ्याने ती मन लावून वाचली आणि म्हणाला, “माझं थोडं कमी धरलंयस.” मी म्हटलं, वाढवून दे. तो बराच वेळ आठवत राहिला. मग विषय त्यानेच पुढे नेला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. सासूबाईंना मात्र पटेना. “दिवसभर दमून आलेल्या माणसाला ओटा पुसायला लावतेस?” मी काही बोलायच्या आत मुलगा म्हणाला, “आजी, आईपण ऑफिसमधूनच येते ना?” कालनिर्णयवर लाल पेनाने लिहिलं गेलं: साडेआठ ते साडेनऊ, स्वयंपाकघर बाबा आणि मुलगा. आईला हाक मारायची नाही.

वेळ काढणं एवढ्यावर संपेल असं वाटलं होतं, पण अवघड भाग पुढेच होता. पहिल्या रात्री मी मागच्या खोलीत दार लोटून बसले. कागदावर डोळे आणि कान ओट्याकडे. कढई घासताना स्टीलच्या घासणीचा आवाज आला. नॉनस्टिकची होती. उठावंसं वाटलं. कसलं तरी झाकण पडून गोल गोल फिरत राहिलं. मग बापलेकांची चर्चा: “विरजण किती घालायचं?” “चमचाभर असेल.” “दूध गरम चालतं का?” “चालत असेल.” चालत नाही, हे मला ओरडून सांगायचं होतं. टेबलाची कड धरून बसून राहिले. दुसऱ्या दिवशी दह्याला तार आली होती. सासूबाईंनी पातेलं माझ्यासमोर आणून ठेवलं, काही न बोलता. मीही काही बोलले नाही. दही टाकून दिलं, कढई नवी घेतली. त्या तासाची किंमत म्हणून पाहिलं तर स्वस्तच पडलं. एकदा उठले असते तर रोज उठावं लागलं असतं. बाई दारापर्यंत आली की काम तिचंच होतं. आता नवऱ्याचं दही माझ्यापेक्षा घट्ट लागतं आणि तो ते पाहुण्यांना सांगतो.

काही गोष्टी सोडाव्याही लागल्या. सोसायटीची भिशी सोडली. दिवाळीचा फराळ चकली आणि लाडवांपुरता घरी, बाकीचा विकतचा, यावरून नणंदेने नाक मुरडलं. रात्री येणारे माहेरचे फोन साडेनऊनंतर घ्यायला लागले, तर बहीण म्हणाली, “तुझी अपॉइंटमेंट घ्यावी लागते वाटतं.” घ्यावी लागते खरी. सगळ्यांचं सगळं सांभाळून उरेल तो वेळ आपला, असा हिशेब धरला तर उरत काहीच नाही.

हळूहळू कागद बोलू लागले. आधी सुट्टे शब्द, मग अर्धी ओळ. जुन्या कागदांतल्या शुहूर सनाची कालगणना जमायला लागली तेव्हा फार मजा वाटली. ‘सलास सबैन मया व अलफ’ म्हणजे तीन, सत्तर, शंभर आणि हजार, मिळून ११७३. त्यात ५९९-६०० मिळवले की इसवी सन १७७२-७३. आमच्या रुमालात इतकं जुनं काही निघालं नाही. वतनाची सनद निघेल अशी भावाची आशा होती, तीही फोल ठरली. निघाल्या त्या साऱ्याच्या पावत्या, एक गहाणखत, आणि शके १७९९ चा म्हणजे १८७७-७८ चा, दोन भावांमधला विहिरीचा करार.

विहीर सामाईक आणि मोट एकच. थोरल्याने इतके दिवस मोट चालवायची, धाकट्याने तितके. आपल्या दिवशी बैल दुखावला तर बदली दिवस मागायचा नाही. दुसऱ्याच्या दिवशी मोटेला हात लावायचा नाही. खाली गावातल्या चौघांच्या साक्षी. विहिरीत पाणी भरपूर असतं तर हा कागद झालाच नसता. सख्ख्या भावांनाही, प्रेम असूनही, कुणाचा दिवस कुणाचा ते चारचौघांत लिहून घ्यावं लागलं. कालनिर्णयवरचा लाल मजकूर म्हणजे आमच्या घरचा करारच होता, फक्त साक्षीदार तीन. तो आधी मला जरा उद्धट वाटायचा, आता वाटत नाही. वेळेचं नियोजन वहीत एकट्याने करता येतं असं पुस्तकं सांगतात. एकट्या माणसाला येतही असेल. कुटुंबात मात्र तो वाटपाचा मामला असतो. तो बोलून, लिहून, प्रसंगी वाईटपणा घेऊन करायचा असतो, कारण आपण न मागितलेला तास कुणाच्या तरी आरामात आधीच जमा झालेला असतो.

मागच्या महिन्यात सासूबाईंनी जाहीर केलं, “दुपारी चार ते पाच मला कुणी हाक मारायची नाही.” वय वर्षं चौऱ्याहत्तर, आणि एवढ्या वर्षांतली ही त्यांची पहिली मागणी. नवऱ्याने विचारलं, “का गं आई, पोथी वाचणार का?”

“काही नाही करणार,” त्या म्हणाल्या. “माझा तास आहे. तुला कशाला हिशेब?”

मी लाल पेन शोधून आणलं.