जपमाळ आणि यंत्राची आठवण

यंत्रास आठवण असते काय, आणि असल्यास किती, हा प्रश्न वाचकांस नैयायिकांच्या वादासारखा वाटेल. परंतु संगणकशास्त्रांत त्याचें उत्तर गणिताच्या काटेकोरपणानें दिलेलें आहे. आमच्या पुतण्याचे चिरंजीव अभियांत्रिकी शिकतात. त्यांजकडून हें प्रकरण आम्हीं समजून घेतलें.

परिमित-अवस्था यंत्र असें याचें नांव. त्यापाशीं लिहावयास पाटी नाहीं. ठरीव संख्येच्या अवस्था तेवढ्या असतात. प्रत्येक चिन्हासरशीं एकींतून दुसरींत जावें, इतकाच व्यवहार. आपण कोठें उभे आहों हें त्यास कळतें, कोणत्या वाटेनें आलों हें कळत नाहीं. मॅक्‌कुलॉक व पिट्स यांनीं १९४३ सालीं मज्जातंतूंच्या जाळ्याचें जें गणित मांडलें त्यांत या कल्पनेचें मूळ आहे, आणि रेबिन व स्कॉट यांच्या १९५९ च्या निबंधानें तिला आजचें रूप आलें.

जपमाळ हें याचें घरगुती उदाहरण. मेरूपासून पांचवा मणी हातीं आहे, एवढेंच ती जाणते. तो पांचवा जप, कीं एकशें तेरावा, कीं दोनशें एकविसावा, हें तिला ठाऊक नसतें. म्हणून लक्ष जपाचा संकल्प सोडणाऱ्या बायका शेजारीं वाटी ठेवून दर माळेस एक चिंचोका टाकतात.

अशा यंत्रास अगदींच दुबळें मात्र समजूं नये. हजार अंकी संख्येस तिनानें भाग जातो कीं नाहीं, हें ठरविण्यास त्यास तीनच अवस्था पुरतात. बाकी ०, १ कीं २, एवढें ध्यानांत असलें कीं झालें. परंतु उघडले तितकेच कंस मिटले काय, हा साधा प्रश्न त्यास झेपत नाहीं. (साधा म्हणतों खरा; पण तो न झेपणारीं मुलें आमच्या वर्गांत दरसाल निघत.) समजा, यंत्रास १०८ अवस्था आहेत. त्यास एकदां एक उघडा कंस द्या, मग नव्यानें दोन, मग तीन, असें १०९ पर्यंत. प्रकार १०९, अवस्था १०८. तेव्हां कोणते तरी दोन प्रकार एकाच अवस्थेंत येणारच. ते सात व चाळीस धरूं. आतां दोहोंपुढें सात मिटते कंस द्या. अवस्था एक, चिन्हें तींच, म्हणून उत्तरही एकच. आणि तें एका ठिकाणीं चुकणारच! अवस्था लाखभर केल्या तरी आपत्ति टळत नाहीं, थोडी लांबते. उपाय एकच, बाहेर वाटी ठेवणें. ट्यूरिंग यांनीं १९३६ सालीं कल्पिलेल्या यंत्रासही अंतरंगीं परिमितच अवस्था आहेत. अमर्याद आहे ती बाहेरची फीत.

आमच्या थोरल्या वहिनींची आठवण दोन वर्षांपासून विरळ होत चालली आहे. मणी चुकत नाहीं, माळा विसरतात, आणि संध्याकाळीं संकल्प मोडला म्हणून रडतात. आतां जप बंदच करवावा, असें घरांत कोणी म्हणूं लागलें होतें. तें आम्हांस क्रूर वाटलें. चिरंजीवांनीं चिंचोके आणले, आणि रोज रात्रीं ते मोजून वहींत मांडावयाचें काम आपणाकडे घेतलें. माळ शंभराचीच धरावी या रूढीनें हजार माळा व्हावयाच्या. वहींत आज चारशें बारा आहेत.

परवां वहिनी वाटी पुढें करून म्हणाल्या, “भावजी, मोजा बरें. मला नऊ दिसतात.”

नऊच होते.