एकतीस अंशांवरचं नवल

ब्रॅडफर्ड हे इंग्लंडच्या यॉर्कशरमधलं एकेकाळचं लोकरीचं शहर. लिस्टर मिल या रेशमाच्या गिरणीची 249 फुटी चिमणी अजून उभी आहे, गिरणी मात्र कधीच थंडावली. मी गेलो होतो ते इथल्या विद्यापीठातलं औषधांच्या स्फटिकांचं काम पाहायला.

तिथल्या प्रयोगशाळेत एका जाड पोलादी भांड्याला नीलमण्याची छोटी खिडकी होती. आत कार्बन डायऑक्साइड. खाली द्रव, वर वायू आणि मधे स्वच्छ रेघ. भांडं हळूहळू तापू लागलं. रेघ फिकट झाली, आत सगळीकडे दुधी झाक पसरली, आणि पाहता पाहता रेघच नाहीशी झाली. ना उकळी, ना एखादा बुडबुडा! भांडं निवू दिलं तेव्हा धुकं दाटलं, पावसासारखे थेंब पडले आणि रेघ परत आपल्या जागी आली. खिडकीवरून डोळा काढवेना.

हे घडतं 31 अंश सेल्सिअसवर. मुंबईत डिसेंबरच्या दुपारीही एवढी उष्णता असते. फक्त दाब हवेच्या सुमारे 73 पट लागतो. बेलफास्टच्या थॉमस अँड्र्यूज यांनी 1869 मध्ये या ‘क्रांतिक बिंदू’चा सविस्तर अभ्यास मांडला. त्यापलीकडचा कार्बन डायऑक्साइड द्रवाइतका दाट होऊ शकतो, तरी वायूसारखा सहज पसरतो. त्याला अतिक्रांतिक म्हणतात.

ब्रॅडफर्ड विद्यापीठातल्या पीटर यॉर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात त्याला औषधाच्या कामाला जुंपलं. मिथेनॉलसारख्या द्रावकात विरघळवलेलं औषध आणि हा कार्बन डायऑक्साइड एकाच तोटीतून भांड्यात सोडायचे. द्रावक क्षणात कार्बन डायऑक्साइडमध्ये मिसळून जातो. औषधाला विरघळून राहायला जागाच उरत नाही आणि त्याचे बारीक स्फटिक होऊन पडतात. मग दाब उतरवला की वायू निघून जातो. भांड्यात उरते कोरडी पूड.

ही पूड इतकी मोलाची का? दम्याचं औषध फुप्फुसात खोलवर पोचायचं तर कण साधारण 1 ते 5 मायक्रॉनचे हवेत. एरवी स्फटिक दळून ते मिळवतात, पण दळताना त्यांचा पृष्ठभाग बिघडतो, कणांवर विद्युतभार चढतो आणि ते एकमेकांना चिकटतात. या पद्धतीत सुरुवातीपासूनच बारीक स्फटिक घडतो. शिवाय रेणू तोच असला तरी स्फटिकातली त्याची रचना बदलली की विद्राव्यता बदलते. सॅल्मेटेरॉल या दम्याच्या औषधाच्या दोन स्फटिकरचना आहेत. इथे तापमान आणि दाब बदलून त्यातली हवी ती शुद्ध स्वरूपात मिळवता आली. मला याचंच सर्वांत जास्त अप्रूप वाटलं. स्फटिकरचनेची चूक केवढ्याला पडते हे 1998 मध्ये दिसलं: रिटोनाविर या एचआयव्हीवरच्या औषधात कमी विरघळणारी नवी रचना उद्भवली आणि त्याच्या कॅप्सूल बाजारातून काढून घ्याव्या लागल्या.

एवढा दाब पेलणारी यंत्रं महाग असतात, म्हणून कारखान्यांत अजून दळणंच जास्त चालतं. तरी श्वासावाटे घ्यायच्या औषधांसाठी हा खर्च करण्याजोगा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. औषधनिर्माण शिकणाऱ्या आपल्या मुलांनी इकडे वळावं. त्यासाठी ब्रॅडफर्ड गाठायलाच हवं असं नाही. मुंबईच्या आयआयटीत ममता मुखोपाध्याय यांनी अतिक्रांतिक कार्बन डायऑक्साइडवर ग्रंथ लिहिला आहे, आणि त्याच्या साहाय्याने स्फटिक घडवण्यावर संशोधनही केलं आहे.