नको म्हणायची सोय

डॉसच्या काळ्या पडद्यावर काम शिकलेल्या माणसाला कॉम्प्युटर बिघडण्याचं नवल वाटत नाही. वर्डस्टारमध्ये दर परिच्छेदानंतर फाइल सेव्ह करायची सवय आम्हाला वीज जाण्याने आणि मशीन अडकण्याने लावली. पुढे विंडोज आलं आणि त्यासोबत मशीन कोसळल्यावर दिसणारा निळा पडदाही आला. 1998 च्या एप्रिलमध्ये शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात खुद्द बिल गेट्स मंचावर असताना विंडोज 98 सर्वांदेखत कोसळलं होतं. त्यामुळे पूर्वी सगळं छान होतं, असं मी म्हणणार नाही. 2001 साली विंडोज एक्सपीने कचेऱ्यांसाठीच्या विंडोज एनटीचा भक्कम गाभा घरोघरी पोचवला आणि एका प्रोग्रामपायी अख्खं मशीन बसण्याचे प्रसंग कमी होत गेले. त्याआधी विंडोज 2000 ने देवनागरी युनिकोड आणि मंगल फॉन्ट दिला होता. मराठी मजकुराचं काम करणाऱ्यांना त्याचं मोल माहीत आहे. तोवर एका कॉम्प्युटरवर टाइप केलेला लेख दुसरीकडे उघडला आणि तिथे त्या लेखाचा फॉन्ट नसला, की पानभर रोमन चिन्हांचा कचरा दिसायचा.

तरीही आज कॉम्प्युटर सुरू करताना पूर्वी कधी येत नसे असा वैताग येतो. जुनं मशीन बिघडायचं ते त्याला झेपत नसे म्हणून. आताचं मशीन धडधाकट असतं आणि तरी अडवतं, कारण तसं अडवायचं कुणीतरी ठरवलेलं असतं.

माझ्याच टेबलावरची गोष्ट. काल सेव्ह केलेल्या लेखाचं नाव मी शोधपट्टीत लिहितो. फाइल डेस्कटॉपवरच आहे. पण यादीत आधी इंटरनेटवरची पानं येतात, मग एखादं अ‍ॅप घेण्याची सूचना, आणि माझी फाइल त्यांच्या खाली. मोठं अपडेट झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू होण्याआधी पूर्ण पडदाभर एक पान उभं राहतं: खातं उघडा, फाइली क्लाउडवर ठेवा, आमचा ब्राउझर वापरा. खाली दोन बटणं असतात, ‘पुढे’ आणि ‘नंतर आठवण करा’. ‘नको’ हे बटण नसतं.

मला यातून वाट काढता येते, इतक्या वर्षांचा सराव आहे. आमच्या शेजारच्या निवृत्त शिक्षिकांना ती काढता येत नाही. पडद्यावर आलं म्हणजे करायलाच हवं, असं समजून बाईंनी ‘पुढे’ दाबलं. नातवंडांच्या फोटोंचा फोल्डर क्लाउडवर चढला, तिथली फुकटची जागा भरली आणि पैसे भरा म्हणून रोज इशारे सुरू झाले. “मी तर काहीच केलं नाही हो,” त्या मला म्हणाल्या. त्या खरंच सांगत होत्या. बाईंना हवं ते त्यांच्याआधी दुसऱ्याच कुणीतरी ठरवून टाकलं होतं.

असं का झालं, हे समजायला अवघड नाही. ऑपरेटिंग सिस्टिम खोक्यातून विकली जायची तेव्हा पैसे एकदाच मिळत, त्यामुळे ती घेणाऱ्याच्या पसंतीला उतरणं भाग होतं. आता कमाई वर्गणीतून, खात्यांतून आणि जाहिरातींतून होते. 2024 मध्ये विंडोज 11 च्या स्टार्ट मेन्यूतही अ‍ॅप्सची शिफारस म्हणून जाहिराती आल्या. आपल्या घराच्या भिंतीवर घरमालकाने परस्पर फलक लावावेत, तशातला हा प्रकार. आकारमानही त्याच बेताने वाढलं. विंडोज 95 ला किमान 4 एमबी मेमरी पुरायची, विंडोज 11 ला किमान 4 जीबी लागते, म्हणजे हजारपट. सुरक्षितता, मोठी चित्रं, अनेक भाषा यांना त्यातला वाटा द्यावाच लागेल. पण यंत्रं जितकी वेगवान होतात त्याहून भराभर सॉफ्टवेअर जड होतं, हे संगणकशास्त्रज्ञ निक्लाउस विर्थ यांनी 1995 मध्येच लिहून ठेवलं होतं. त्यानंतरची तीस वर्षं त्यांचंच म्हणणं खरं करत गेली.

सतत नवं काही देण्याच्या घाईची किंमतही दिसलेली आहे. 2018 च्या ऑक्टोबरमध्ये विंडोज 10 च्या अपडेटने काही लोकांच्या स्वतःच्या फाइली पुसल्या आणि मायक्रोसॉफ्टला ते वाटप थांबवावं लागलं.

मनात आणलं तर याच कंपन्यांना वेगळं वागता येतं, हेच मला जास्त लागतं. 2002 च्या जानेवारीत गेट्स यांनी आपल्या माणसांना लेखी कळवलं की नवी सोय आणि सुरक्षितता यांतून निवडायची वेळ आली, तर सुरक्षितता निवडा. त्यासाठी विंडोजचं चालू काम काही काळ थांबवण्यात आलं. अ‍ॅपलने 2009 साली स्नो लेपर्ड आणताना ‘नवीन काही नाही’ हेच जाहीर भूषण म्हणून मिरवलं. सुरुवातीला त्यातही दोष होते, पण 2011 मधल्या 10.6.8 पर्यंत ते एकामागून एक निस्तरले गेले. लोक अजून स्नो लेपर्डची आठवण काढतात ती त्या निस्तरण्यामुळे. आणि डोनाल्ड क्नुथ यांनी तर आपल्या टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत नवं काही घालणं कधीच बंद केलं, फक्त चुका दुरुस्त करत राहिले. प्रत्येक दुरुस्तीनंतर तिचा आवृत्तिक्रमांक पाय (π) या संख्येच्या किमतीकडे एकेक अंकाने सरकतो.

वापरणाऱ्याच्या हाताला लागलेली सवय ही त्याची कमाई आहे. कुठली फाइल कुठे, कुठलं बटण कुठे, हे न बघता कळायला वर्षं जातात. सुरक्षिततेसाठी ती सवय मोडावी लागली तर मी तक्रार करणार नाही, नवं शिकेन. कुणाच्या तिमाही आकड्यांसाठी ती मोडली जाते, ते मला मान्य नाही. एक वर्ष नवं काही देऊ नका, आहे ते नीट करा. आणि प्रत्येक विचारणेखाली ‘नको’ हे बटण ठेवा, एकदा दाबलं की कायमचं लागू होणारं. ज्याने पैसे मोजून यंत्र घरी आणलं, त्याचा एवढा हक्क नक्कीच आहे.